ट्रॅक्टर शेतात बंद पडला? आधी डिझेलची वाट तपासा

ही गोष्ट माझ्याच चुकीपासून सुरू होते, म्हणून लपवून ठेवत नाही.

आमच्या ग्रामसंघाची अवजार बँक आहे. एक ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि पलटी नांगर. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवलाय. नंबर लावणं आणि हिशेब ठेवणं आम्हा तिघींकडे. मागच्या वर्षी जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले, वापसा आला आणि सगळ्यांनी एकदमच नंबर लावले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ट्रॅक्टर शेतातच बंद पडला. थोडं थांबून सेल्फ मारला तर चालू झाला, दहा मिनिटं चालला, परत बंद. तिसऱ्यांदा मात्र नुसता सेल्फच फिरत राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, पंप गेला बहुतेक. मेस्त्रीलाच बोलवा." काटा तर अर्धी टाकी दाखवत होता.

मेस्त्री तालुक्याहून यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. त्याने इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. आधी टाकीचं झाकण फिरवलं आणि त्याखालचा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "हे कुणी लावलं?" ते मीच लावलं होतं. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून. त्या पिशवीने टाकीला हवा मिळायची बंद झाली, डिझेल पुढे जाईना आणि इंजिन उपाशी राहिलं. पिशवी काढली, पाइपातली हवा काढली, अर्ध्या तासात ट्रॅक्टर सुरू. पण त्याच रात्री मोठा पाऊस झाला. वापसा मोडला आणि दोघींची पेरणी आठ दिवस लांबली. त्यातली एक एकटी बाई, दोन एकराची धनीण. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

तासाला समजा ९०० रुपये भाडं धरलं आणि दिवसाचे ८ तास, तर दीड दिवस म्हणजे १२ तास, म्हणजे १०,८०० रुपये बुडाले. हप्ता काही थांबत नाही. त्यानंतर आम्ही तिघींनी ठरवलं की ट्रॅक्टर दुरुस्त करता आला नाही तरी चालेल, पण तो का बंद पडला हे आपल्याला कळलंच पाहिजे. त्या मेस्त्रीकडून आणि ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेतून जे शिकलो, ते इथे लिहिते आहे.

डिझेल इंजिन चालतं कसं आणि थांबतं कसं

मोटरसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. चावी बंद केली की ठिणगी बंद, गाडी बंद. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे हवाच १६ ते १८ पट दाबली जाते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तोच प्रकार, फक्त कितीतरी जास्त. हवा ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि ते आपोआप पेट घेतं.

याचा अर्थ असा की डिझेल मिळत राहील तोवर इंजिन चालत राहील. त्याला थांबवायचं असेल तर त्याचं डिझेल तोडावं लागतं. म्हणूनच जुन्या ट्रॅक्टरवर चावी फिरवून भागत नाही, डॅशबोर्डवरचा स्टॉपर ओढावा लागतो. हा स्टॉपर म्हणजे एका केबलचं टोक. केबलचं दुसरं टोक डिझेल पंपावरच्या छोट्या दांडीला बांधलेलं असतं. स्टॉपर ओढला की दांडी वळते, पंप नोझलकडे डिझेल सोडायचं थांबवतो आणि इंजिन बंद पडतं.

बऱ्याच नव्या ट्रॅक्टरवर हे काम चावीच करते. तिथे केबलच्या जागी सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेवर चालणारं लोहचुंबक. बहुतेक ठिकाणी चावी चालू केली की चुंबक आतली दट्टी ओढून धरतं आणि डिझेलची वाट उघडते. चावी बंद केली की स्प्रिंग दट्टीला परत ढकलते आणि वाट बंद होते. काही ट्रॅक्टरवर उलटी पद्धत असते, वीज दिली की इंजिन बंद. आपल्याकडे कोणती पद्धत आहे ते मेस्त्रीला एकदा विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

डिझेलची वाट

घरातल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण टाकीपासून नळापर्यंत बघत येतो. इथेही तसंच. डिझेल या क्रमाने जातं:

१. टाकी आणि तिचं झाकण
२. टाकीखालचा कॉक
३. पाणी आणि गाळ साठायची वाटी (काही ट्रॅक्टरवर काचेची, काहींवर फिल्टरच्या तळाशी)
४. फीड पंप, म्हणजे डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप. यालाच हाताने मारायची दांडी किंवा बटण असतं
५. फिल्टर, बहुतेक ठिकाणी दोन
६. डिझेल पंप, जो नेमकं मोजून आणि फार मोठ्या दाबाने डिझेल सोडतो
७. पोलादी बारीक पाइप आणि नोझल
८. उरलेलं डिझेल परत नेणारी नळी

ट्रॅक्टर बंद असताना, इंजिन थंड असताना, ड्रायव्हरला बरोबर घेऊन या सगळ्या जागांवर एकदा बोट ठेवा. आम्ही प्रत्येक जागेला ऑइलपेंटने १ ते ८ आकडे घातले. आता ड्रायव्हर फोनवर सांगतो, "काकू, तीनपर्यंत आहे, चारला येत नाही." अर्धं काम तिथेच होतं.

बंद पडल्यावर पाच प्रश्न

घाई करू नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, अवजार जमिनीवर टेकवलेलं. मग हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न: सेल्फ फिरतो का? सेल्फ फिरतच नसेल किंवा नुसता कण्हत असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. बॅटरी, तिची टर्मिनलं आणि वायर बघा. काही ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही.

दुसरा प्रश्न: सेल्फ फिरताना धुराड्यातून धूर येतो का? हा सगळ्यात कामाचा प्रश्न. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. सेल्फ हळू फिरत असेल, डिझेलात पाणी असेल किंवा इंजिनाचं दुसरं काही असेल. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. नाहीतर बॅटरीही बसते आणि सेल्फही जळतो.

तिसरा प्रश्न: स्टॉपर पूर्ण आत गेलाय का? हसू नका. काल संध्याकाळी ओढलेला स्टॉपर सकाळी तसाच राहतो, किंवा पोरं खेळताना ओढून ठेवतात. चावीचा स्टॉपर असेल तर त्याची तपासणी पुढे दिली आहे.

चौथा प्रश्न: टाकीत डिझेल खरंच आहे का? काट्यावर भरवसा नको. स्वच्छ काठी टाकून बघा. डिझेल कमी असेल आणि ट्रॅक्टर उतारावर असेल तर डिझेल एका बाजूला जातं आणि कॉक हवा ओढतो. कॉक उघडा आहे का तेही बघा. आणि झाकण! झाकणाला बारीक छिद्र असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत थांबतं, दुसरं भोक पाडलं की धार लागते. टाकीचंही तसंच आहे. डिझेल जेवढं कमी होतं तेवढी हवा वरून आत जावी लागते. ट्रॅक्टर काही वेळ चालून बंद पडत असेल आणि विसावा दिला की परत चालू होत असेल, तर झाकण अर्धा फेरा सैल करून बघा. फुस्स आवाज आला की दुखणं सापडलं. छिद्र बारीक तारेने साफ करा. पिशवी, रबर, कापड काहीही झाकणाखाली लावू नका. हे मी अनुभवाने सांगते.

पाचवा प्रश्न: डिझेल कुठपर्यंत येतंय? कॉक बंद करा, फीड पंपाकडे येणारी नळी पंपाच्या तोंडाशी सोडवा, खाली स्वच्छ डबा धरा आणि कॉक उघडा. टाकी पंपापेक्षा उंच असते, त्यामुळे चांगली धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर टाकीतली किंवा कॉकची जाळी कचऱ्याने भरली आहे किंवा नळी तुंबली आहे. धार चांगली असेल तर नळी परत बसवा, पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि फीड पंप हाताने मारा. तिथे डिझेल आलं नाही तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या जाळीत. पहिल्या फिल्टरला आलं पण दुसऱ्याला येत नाही, तर पहिला फिल्टर चोकअप. अशी एकेक पायरी पुढे जायची. जिथे डिझेल थांबतं, तिथेच दुखणं.

काही लक्षणं पाठ करून ठेवण्यासारखी आहेत. रिकामा चांगला चालतो पण नांगराला लावला की दम तोडतो, तर बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो. रेस एकसारखी न राहता आपोआप कमी-जास्त होते, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. रात्रभर उभा राहिला की सकाळी चालू व्हायला त्रास देतो आणि हातपंप मारला की चालू होतो, तर रात्रीतून डिझेल मागे उतरतंय. एखादा सैल क्लॅम्प, चिरलेली नळी किंवा दबलेला वायसर शोधा.

स्टॉपर अडकला तर

यंदाच्या वर्षी हीच तपासणी कामाला आली. सकाळी सेल्फ दणक्यात फिरत होता, धूर मात्र नाही. ड्रायव्हरने स्टॉपर आत ढकलला, तो गेलाही. तरी काही नाही. आमच्यातली सगळ्यात लहान ताई पंपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, परत ओढा, परत ढकला." तेव्हा दिसलं की ओढला की पंपावरची दांडी हलते, पण ढकलला की परत येत नाही. केबल गंजून आतच चिकटली होती. तिने दांडी बोटाने मागे सारली, सेल्फ मारला, ट्रॅक्टर चालू. पंधरा मिनिटं गेली. संध्याकाळी केबलमध्ये ऑइल सोडलं आणि आठवड्याने नवीन केबल बसवली. तुम्हीही असंच बघा: एकीने स्टॉपर ओढायचा-ढकलायचा, दुसरीने पंपावरची दांडी पूर्ण इकडून तिकडे जाते का ते बघायचं.

सोलेनॉइड असेल तर दोघी लागतील. एकीने पंपाजवळ कान द्यायचा, दुसरीने चावी फक्त चालू करायची, सेल्फ मारायचा नाही. स्पष्ट "टक" असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर आधी फ्यूज बघा. मग सोलेनॉइडवरची वायर सैल आहे का, टोकाला हिरवट गंज चढलाय का ते बघा. बॅटरीची टर्मिनलं घट्ट आहेत का बघा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प असेल तर चावी चालू करून सोलेनॉइडच्या वायरपाशी लावा. दिवा लागतो पण टक आवाज नाही, तर सोलेनॉइड जळलाय किंवा अडकलाय. दिवाच लागत नाही, तर दोष मागे, वायरमध्ये किंवा फ्यूजमध्ये. टक आवाज आला म्हणजे वीज पोचते आहे, पण डिझेल पुढे येतंय का हे तरीही बघावंच लागतं.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन घाला. त्याजागी तार गुंडाळू नका, वायरिंग जळतं. परत परत उडत असेल तर कुठेतरी वायर खरवडली आहे.

पाणी आणि कचरा

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पाणी तळाला बसतं आणि नेमकं तेच आधी कॉकमधून बाहेर येतं. पाणी टाकीत येतं कुठून? उघड्या कॅनमधून, पावसात डिझेल भरताना, आणि अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतल्या दमटपणाचे थेंब होतात त्यातून. म्हणून डिझेल संध्याकाळी, काम संपल्यावर भरायचं. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते.

पाण्याचा संशय असेल तर वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात आम्ही दर सोमवारी सकाळी, ट्रॅक्टर हलवायच्या आधी, वाटीतलं पाणी सोडतो.

फिल्टर बदलायला कंजुषी करू नका. डिझेल पंपातले भाग इतके घट्ट बसवलेले असतात की मधली फट आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. बारीक धूळसुद्धा तिथे घासते. फिल्टर काही शे रुपयांत येतो, पंपाचं काम निघालं तर हजारांत जातं. पुस्तिकेत जितके तास लिहिलेत, तितक्या तासांनी बदला. फुंकर मारून किंवा डिझेलात धुऊन कागदी फिल्टर परत घालू नका. कागद फाटतो आणि ते दिसत नाही. रॉकेल मिसळलेलं डिझेलही नको. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलच देतं आणि रॉकेलात तो चिकटपणा नसतो.

हवा काढायची कशी

विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की ती नुसती गरगरते, पाणी काढत नाही. डिझेल पंपाचंही तसंच होतं. डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. पाइपात हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. टाकी पूर्ण संपली, फिल्टर बदलला किंवा नळी सोडवली की हवा शिरतेच.

लागतं काय? बरोबर मापाचा पाना, स्वच्छ सुती कापड, एक डबा.

१. टाकीत पुरेसं डिझेल घाला, कॉक उघडा, स्टॉपर आत ढकला.
२. स्क्रूच्या आजूबाजूची माती आधी पुसून घ्या, नाहीतर तीच आत जाते.
३. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा, काढून टाकू नका.
४. फीड पंप हाताने मारत राहा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. बिनबुडबुड्याचं स्वच्छ डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.
५. दुसऱ्या फिल्टरवर हेच करा.
६. मग डिझेल पंपावरच्या हवा काढायच्या स्क्रूवर हेच करा.
७. हातपंपाचं बटण फिरवून लॉक करायचं असेल तर परत लॉक करा.
८. सांडलेलं डिझेल पुसा, मग सेल्फ मारा.

हातपंपाची दांडी मऊ लागत असेल, जोरच घेत नसेल, तर क्षणभर सेल्फ मारून इंजिन थोडं फिरवा आणि परत बघा. काही ट्रॅक्टरवर इंजिन ठराविक जागी थांबलं की दांडी काम करत नाही. स्क्रू बेताने आवळा. जास्त जोर लावला की आटे जातात. कितीही मारलं तरी बुडबुडे थांबत नसतील तर हवा अजून कुठूनतरी शिरतेच आहे. टाकी ते फीड पंप हा तुकडा नीट तपासा. तिथे डिझेल ओढलं जात असतं, त्यामुळे गळती बाहेर दिसत नाही, पण हवा आत जाते.

इथपर्यंत करून चालू झाला नाही तर थांबा. पुढचं काम नोझलच्या पाइपांचं आहे आणि ते मेस्त्रीचं आहे.

आणि बंदच होत नसेल तर?

केबल तुटली किंवा सोलेनॉइडची दट्टी अडकली तर चावी बंद करूनही इंजिन चालूच राहतं. घाबरायचं नाही. पीटीओ बंद करा, रेस कमी करा, आणि पंपावरची स्टॉपरची दांडी हाताने बंदच्या बाजूला सारा. ती कुठे आहे आणि कुठल्या बाजूला सारायची हे आज, शांतपणे बघून ठेवा. तिथे पंख्याजवळून हात जात असेल तर तो नाद सोडा. मग ड्रायव्हरने सीटवर बसून, समोर-मागे कुणी नाही हे बघून, ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळूच सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. कॉक बंद करूनही पडेल, पण पाइपातलं आणि फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत वेळ लागतो आणि नंतर हवा काढत बसावं लागतं.

हे मात्र कधीच नाही

खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन टोक जोडून ट्रॅक्टर चालू करायचा नाही. अनेक ड्रायव्हर हे सहज करतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर चालू होताच पुढे सरकतो आणि उभा माणूस चाकाखाली जातो. सेल्फ नेहमी सीटवर बसूनच.

चालू इंजिनाचे पोलादी पाइप सैल करायचे नाहीत, गळती हाताने चाचपायची नाही. जुन्या पद्धतीच्या नोझललासुद्धा सुमारे २०० बार दाब लागतो, ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीस पटींहून जास्त. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. सुईसारखं टोचल्यागत वाटतं, वरून काही दिसत नाही, पण आत मांस सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. गळती बघायची तर पुठ्ठा धरून बघा. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरवर कॉमन रेल पद्धत असते आणि तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो. तुमचा ट्रॅक्टर तसला असेल तर टाकी, झाकण, पाण्याची वाटी आणि फ्यूज एवढंच बघा, बाकी कंपनीच्या माणसावर सोडा.

पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या-ओढणी सावरलेली. इंजिन चालू असताना पंखा आणि पट्ट्याजवळ जायचं नाही. विडी, काडी, चूल जवळ नको. सांडलेल्या डिझेलवर माती टाका. काम झालं की हात साबणाने धुवा, मगच भाकरीला हात.

मेस्त्रीला काय सांगायचं

"ट्रॅक्टर बंद पडलाय, या" एवढंच सांगितलं की तो रिकाम्या हाताने येतो आणि सामान आणायला परत जातो. त्याऐवजी असं सांगा: "भाऊ, सेल्फ चांगला फिरतो, धूर नाही. स्टॉपर आत आहे. टाकी अर्धी आहे, काठीने बघितली. पहिल्या फिल्टरपर्यंत डिझेल येतं, दुसऱ्याला येत नाही." तो फिल्टर घेऊनच येतो. आणि पंप बदलायचा म्हणाला तर का, हे आपल्याला विचारता येतं. काढलेला जुना भाग परत मागून घ्या, बिलाबरोबर ठेवा.

वहीत एक पान

आमच्या अवजार बँकेच्या वहीत आता ट्रॅक्टरचं स्वतंत्र पान आहे. त्यात तारीख, मीटरचे तास, भरलेलं डिझेल, फिल्टर कधी बदलला, वाटीतून पाणी निघालं का, कधी बंद पडला आणि का, असे रकाने आहेत. दर महिन्याला ते पान बैठकीत वाचलं जातं. ट्रॅक्टरबरोबर एका डब्यात दोन पाने, जास्तीचा फिल्टर, दोन फ्यूज, तांब्याचे वायसर, एक काचेची बाटली आणि स्वच्छ कापड असतं. ड्रायव्हरही खूश आहे, कारण ट्रॅक्टर बंद पडला की पहिला संशय त्याच्यावर यायचा, तो आता येत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला तुमच्या गटाचा ट्रॅक्टर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या अंगणात आणा. इंजिन थंड असू दे. डिझेलची वाट टाकीपासून नोझलपर्यंत प्रत्येकीने बोटाने दाखवायची आणि पाच प्रश्न तोंडपाठ म्हणायचे. तासाभराचं काम आहे.

त्या पिशवीचा तुकडा मी टाकला नाही. वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवलाय. नवीन बाई समितीत आली की आधी तो दाखवते, मग चावी हातात देते.